शुश्रूषेला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या रमाबाई

बारावीचा निकाल लागला की ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरातील घराघरांतून मुलींच्या पुढच्या शिक्षणाचा विचार सुरू होतो. त्या विचारात परिचर्येचा, म्हणजेच नर्सिंगचा अभ्यासक्रम हटकून असतो. दोन वर्षांचा एएनएम, तीन वर्षांचा जीएनएम की चार वर्षांचा बीएस्सी नर्सिंग, फी किती, वसतिगृह मिळेल का, रात्रपाळी संपवून मुलगी लोकलने घरी कशी येईल, अशा व्यावहारिक गोष्टींचा काथ्याकूट होतो. मात्र आपल्या मुलीने परक्या माणसाची जखम धुवावी का, परजातीच्या रोग्याला पाणी पाजावे का, असा प्रश्न आता सहसा कोणी काढत नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पुण्या-मुंबईतील पांढरपेशा मराठी घरांत पहिला प्रश्न हाच असे, आणि बहुतेक वेळा त्यापुढे चर्चा जातच नसे. ही कोंडी फोडण्यासाठी ज्यांनी आपले घर, आपला वेळ आणि मुख्य म्हणजे आपली सारी सामाजिक प्रतिष्ठा पणाला लावली, त्या म्हणजे रमाबाई रानडे.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी म्हणून रमाबाईंचे नाव सर्वतोमुखी आहे. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे त्यांचे पुस्तक मराठी आत्मचरित्रांच्या परंपरेत मानाचे स्थान मिळवून आहे. 2012 मध्ये सुरू झालेल्या 'उंच माझा झोका' या दूरचित्रवाणी मालिकेने त्यांचे बालपण आणि संसार नव्या पिढीच्या घरात पोहोचवला. परंतु रमाबाईंच्या सार्वजनिक आयुष्याचा सर्वांत कसोटीचा कालखंड न्यायमूर्तींच्या निधनानंतरचा, म्हणजे 1901 ते 1924 हा आहे. शिक्षित परिचारिका घडवण्याचे त्यांचे काम याच काळातले. ते त्यांच्या हातून का घडले, हे समजण्यासाठी मात्र त्यांच्या बालपणापर्यंत मागे जावे लागते.

पाटीवरचा पहिला धडा

रमाबाईंचा जन्म 25 जानेवारी 1862 रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी कुर्लेकर घराण्यात झाला. माहेरचे नाव यमुना. मुलींना लिहा-वाचायला शिकवण्याची त्या काळी रीत नव्हती. शिकलेल्या मुलीच्या कपाळी वैधव्य येते, अशी समजूत चांगल्या शहाण्यासुरत्या घरांतही घट्ट रुजलेली होती. त्यामुळे 1873 मध्ये वयाच्या अकराव्या वर्षी यमुना जेव्हा पुण्यात सासरी आली, तेव्हा तिला अक्षरओळखही नव्हती.

हा विवाह त्या काळी टीकेचा विषय झाला होता. न्यायमूर्ती तेव्हा एकतीस वर्षांचे होते आणि त्यांच्या पहिल्या पत्नीचे नुकतेच निधन झाले होते. विधवाविवाहाचा जाहीर पुरस्कार करणाऱ्या या विद्वानाने विधवेशी विवाह करून उदाहरण घालून द्यावे, अशी सुधारकांची अपेक्षा होती. नेमकी त्याचीच धास्ती घेऊन वडिलांनी घाईने हे लग्न ठरवले आणि वडिलांच्या शब्दापुढे रानड्यांनी मान तुकवली. आपल्या तत्त्वाला मुरड घातल्याची खंत त्यांनी एका अर्थाने पत्नीच्या शिक्षणातून भरून काढली, असे म्हणता येईल. सासरी आलेल्या मुलीच्या हाती त्यांनी पाटी दिली आणि रोज रात्री धडे सुरू झाले. मराठी झाल्यावर इंग्रजी आले. पुढे न्यायमूर्तींची दृष्टी अधू झाली, तेव्हा त्यांना वर्तमानपत्रे, पत्रे आणि पुस्तके वाचून दाखवण्याचे काम रमाबाईच करू लागल्या.

घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना हे शिक्षण मुळीच मान्य नव्हते. टोमणे, अबोला, कामाच्या वेळी मुद्दाम केलेली अडवणूक, हे सारे रमाबाईंनी सोसले. इंग्रजी शिकवायला मिशनरी बाई घरी येऊ लागल्या, तेव्हा त्यांचा विटाळ झाला म्हणून धडा संपल्यावर आंघोळ केल्याखेरीज घरातल्या कामाला हात लावता येत नसे. शिक्षणासाठी दिवसाढवळ्या अशी शिक्षा भोगणारी ही सून पुढे हजारो स्त्रियांना त्याच उंबरठ्याबाहेर नेणार होती. स्पर्शाच्या विटाळाची कल्पना किती खोलवर गेलेली असते आणि तिच्यामागे उभ्या असलेल्या माणसांना दुखावल्याशिवाय ती कशी सैल करता येते, याचे पहिले पाठ त्यांना या घरातच मिळाले.

1882 मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि त्यांच्या प्रेरणेने आर्य महिला समाजाची स्थापना झाली. रमाबाई रानडे त्या कामात ओढल्या गेल्या. 1884 मध्ये पुण्यात मुलींचे हायस्कूल, म्हणजे पुढे हुजूरपागा म्हणून प्रसिद्धीला आलेली शाळा सुरू झाली. या शाळेसाठीच्या प्रयत्नांत मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर भर सभेत रमाबाईंनी इंग्रजीतून निवेदन वाचले. सभेत कौतुक झाले, घरी मात्र बोलणी खावी लागली. पतीने अशा वेळी एकच शिकवण दिली होती. उलट उत्तर द्यायचे नाही आणि हाती घेतलेले कामही सोडायचे नाही. रमाबाईंच्या पुढील सगळ्या सार्वजनिक कामावर या शिकवणीचा ठसा दिसतो.

कल्याणची डॉक्टर आणि उरलेल्या जणी

याच सुमारास कल्याणच्या जोशी घराण्यातील एका मुलीने वेगळीच वाट धरली होती. आनंदीबाई जोशी 1883 मध्ये आगबोटीने अमेरिकेला गेल्या. दहा दिवसांचे मूल दगावल्याचे दुःख त्यांनी वयाच्या चौदाव्या वर्षी पचवले होते. पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून 11 मार्च 1886 रोजी त्यांनी एम.डी. ही पदवी मिळवली. तो समारंभ पाहायला पंडिता रमाबाई फिलाडेल्फियात उपस्थित होत्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री विभागाची जबाबदारी आनंदीबाईंची वाट पाहत होती. परंतु क्षयाने पोखरलेल्या शरीराने साथ दिली नाही आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी, बावीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, पुण्यात त्यांचे निधन झाले.

आनंदीबाईंच्या कर्तृत्वाने महाराष्ट्र थक्क झाला. त्याच वेळी एक गोष्ट स्पष्ट झाली. सातासमुद्रापार जाऊन डॉक्टर होणे ही असामान्य स्त्रीची वाट होती. आजारी स्त्रिया मात्र गावोगाव होत्या. परपुरुष डॉक्टरला हात दाखवण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या बाळंतिणी होत्या. अशांसाठी एकदोन डॉक्टर पुरणार नव्हत्या. त्यांच्या उशाशी रात्रंदिवस बसून ताप मोजणाऱ्या, जखमा बांधणाऱ्या, स्वच्छता राखणाऱ्या आणि वेळेवर औषध देणाऱ्या शिकलेल्या स्त्रिया शेकड्यांनी हव्या होत्या.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा काढली, तेव्हापासून ही विद्या शिकून घ्यावी लागते, ही कल्पना जगात रुजू लागली होती. 1885 मध्ये लेडी डफरिन यांच्या नावाने भारतीय स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी निधी उभा राहिला. 1886 मध्ये मुंबईत स्त्रियांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले. 1891 मध्ये परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून मुंबईतील बाई काशीबाई गणपत यांच्या नावाची नोंद परिचर्येच्या इतिहासात आढळते. परंतु या क्षेत्रात येणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया युरोपीय, अँग्लो-इंडियन किंवा एतद्देशीय ख्रिस्ती होत्या. हिंदू मध्यमवर्ग या कामापासून चार हात दूरच राहिला.

त्याची कारणे समाजाच्या रचनेतच होती. घरातल्या आजारी माणसाची शुश्रूषा हे स्त्रीचे कर्तव्यच मानले जाई आणि त्याबद्दल तिची स्तुतीही होई. पण तीच शुश्रूषा पैसे घेऊन, परक्या घरी किंवा रुग्णालयात केली की ती हलकी ठरे. बाळंतपणाचे काम समाजाने खालच्या मानलेल्या जातींतील सुईणींकडे सोपवलेले होते. रक्त, मलमूत्र आणि प्रेत यांचा विटाळ होता. शिवाय रात्री घराबाहेर राहणे, पुरुष डॉक्टरांच्या हाताखाली काम करणे आणि पुरुष रुग्णांना स्पर्श करणे, यांमुळे बाईच्या चारित्र्याबद्दल शंका घेतली जाई. अडचण कौशल्याची कमी आणि अब्रूच्या कल्पनेची अधिक होती.

1896 मध्ये मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात प्लेगने थैमान घातले, तेव्हा या अब्रूची किंमत किती जबर आहे, हे दिसून आले. रोग्याला शिवायला घरचे लोकही धजत नव्हते. रुग्णशुश्रूषेसाठी स्वतःहून पुढे आलेल्या सावित्रीबाई फुले यांचा 10 मार्च 1897 रोजी प्लेगनेच बळी घेतला. शिकलेल्या परिचारिकांची फळी समाजाजवळ नव्हती आणि ती उभी करण्याची कोणाची तयारीही दिसत नव्हती.

एकटेपणातून बाहेर

1893 मध्ये रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि हे दाम्पत्य मुंबईला राहायला गेले. तेथे रमाबाईंनी हिंदू स्त्रियांच्या मंडळाचे काम हाती घेतले. भाषा, सामान्य ज्ञान, शिवणकाम आणि हस्तकला यांचे वर्ग त्या मंडळातून चालत. 16 जानेवारी 1901 रोजी न्यायमूर्तींचे निधन झाले. त्यांच्या अखेरच्या आजारपणात रमाबाई सावलीसारख्या त्यांच्याजवळ होत्या. तेव्हा त्या एकोणचाळिशीत पोहोचत होत्या. मुंबईचे घर आवरून त्या पुण्याला परतल्या आणि पुढील सुमारे वर्षभर त्यांनी स्वतःला घरातच कोंडून घेतले.

उरलेले आयुष्य पूजाअर्चा आणि पुराणश्रवणात घालवले असते, तरी कोणी नाव ठेवले नसते. त्या काळच्या विधवेकडून समाजाची तीच अपेक्षा होती. परंतु रमाबाई हळूहळू बाहेर पडू लागल्या. येरवड्याच्या तुरुंगात स्त्री कैद्यांच्या विभागात जाऊन त्या त्यांच्याशी बोलत बसत. सुधारगृहातील मुलांना भेटत. रुग्णालयांत जाऊन आजाऱ्यांना फळे, फुले आणि वाचायला पुस्तके देत. 1904 मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या भारत महिला परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. 1910 मध्ये त्यांच्या आठवणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या आणि गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्यांना प्रस्तावना लिहिली.

रुग्णालयांतील या भेटींत त्यांना एक गोष्ट जवळून दिसली. फळांची टोपली घेऊन आठवड्यातून एकदा येणारी प्रतिष्ठित बाई आणि रोग्याला रोज उठवणारी-बसवणारी बाई, यांच्या कामात मोठा फरक आहे. पहिल्या कामाला दया पुरते. दुसऱ्या कामाला शिक्षण लागते, आणि ते करणाऱ्या बाईला पोटापुरता पगार व राहायला सुरक्षित जागाही लागते.

सेवासदनाची उभारणी

1908 मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल या दोन समाजसुधारकांनी भारतीय स्त्रियांना समाजसेवेचे, विशेषतः परिचर्येचे शिक्षण देणारी संस्था काढायचे ठरवले. संस्थेचे नेतृत्व करण्यासाठी त्यांनी रमाबाईंना गळ घातली आणि मुंबईत सेवासदन सुरू झाले. पुढच्याच वर्षी, 1909 मध्ये, पुण्यातही सेवासदनाचे काम सुरू झाले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे त्या कामाचे मुख्य संघटक होते आणि रमाबाई त्याच्या अध्यक्षा. सुरुवातीचे वर्ग रमाबाईंच्या वाड्यातच भरत. ज्या घरात एके काळी सुनेच्या हातातली पाटी नजरेला खुपत होती, त्या रानडे कुटुंबाच्या पुण्यातील वास्तूत आता परक्या घरच्या सुना, लेकी आणि विधवा पाटी-पेन्सिल घेऊन येऊ लागल्या.

सेवासदनाची आखणी मोठी व्यवहारी होती. प्रौढ वयात शिकायला येणाऱ्या बाईला आधी लिहिता-वाचता येणे गरजेचे होते. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचता आली नाही, तापाचा आकडा टिपून ठेवता आला नाही, तर परिचर्येचे पुढचे शिक्षण देणार तरी कसे? म्हणून सकाळ-दुपारच्या फावल्या वेळात साक्षरतेचे वर्ग, त्यापुढे शिवण आणि हस्तव्यवसाय, त्यापुढे शिक्षिका होण्यासाठी अध्यापनाचे वर्ग, अशा पायऱ्या तयार झाल्या. 1911 मध्ये संस्थेत परिचर्या आणि वैद्यकीय शिक्षणाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. प्रत्यक्ष शिक्षणाची सोय पुण्याच्या ससून रुग्णालयात होती. परिचारिका आणि सुईण या कामांचे शिक्षण घेणाऱ्या स्त्रिया रुग्णालयात काम करत आणि संस्थेच्या वसतिगृहात राहत.

हे वसतिगृहच या सगळ्या योजनेचे मर्म होते, असे म्हटले पाहिजे. रुग्णालयात काम शिकायला आईबाप किंवा सासरचे लोक परवानगी देत नसत, यामागे मुलगी रात्री कुठे राहील, कोणाच्या नजरेखाली राहील, ही चिंता असे. रमाबाईंचे नाव असलेल्या वसतिगृहाने ती चिंता दूर केली. न्यायमूर्तींची पत्नी, सश्रद्ध, व्रतवैकल्ये पाळणारी, पांढऱ्या साध्या वेशातील ही बाई स्वतः मुलींची विचारपूस करते, असे दिसल्यावर सनातनी घरांतील विरोधाची धार बोथट होऊ लागली. रमाबाईंनी समाजाशी भांडण मांडले नाही. समाजाला ज्या गोष्टींबद्दल आदर वाटत होता, त्याच गोष्टी त्यांनी या कामाच्या पाठीशी उभ्या केल्या. 1915 मध्ये पुणे सेवासदनाची स्वतंत्र संस्था म्हणून नोंदणी झाली. पुढे अध्यापन महाविद्यालयाबरोबरच वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी आणि परिचर्या शिकणाऱ्या मुलींसाठी स्वतंत्र वसतिगृहे उभी राहिली.

हुर्यो आणि उत्तर

वसतिगृह मिळाले, रुग्णालय मिळाले, तरी समाजाची नजर बदललेली नव्हती. सेवासदनाच्या एका वार्षिक समारंभातील प्रसंग रमाबाईंच्या चरित्रांतून आवर्जून सांगितला जातो. समारंभात रमाबाईंच्या हस्ते पारितोषिके दिली जात होती. पारितोषिक घेण्यासाठी एक विधवा व्यासपीठावर आली. अंगावर विधवेचा परंपरागत वेश आणि डोक्यावरून घेतलेला पदर. तिला पाहताच सभागृहात बसलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी हुर्यो उडवली.

रमाबाईंनी तेव्हा काही न बोलता पारितोषिके वाटून संपवली. समारोपाचे भाषण करायला त्या उठल्या, तेव्हा मात्र नेहमीच्या मृदू स्वभावाच्या रमाबाई सात्त्विक संतापाने थरथरत होत्या. महाविद्यालयात शिकणाऱ्यांना सुशिक्षित तरी कसे म्हणावे, असा सवाल त्यांनी त्या तरुणांना केला. ज्या स्त्रीची तुम्ही टवाळी केली, तशी दुर्दैवी बहीण, आत्या किंवा मावशी तुमच्याही घरात असेल, याची त्यांनी आठवण करून दिली. सभागृह चिडीचूप झाले. या प्रसंगानंतर परिचर्येच्या शिक्षणाकडे वळणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढली, असेही त्यांचे चरित्रकार नोंदवतात.

या प्रसंगाचा विचार केला तर असे दिसते की हुर्यो उडवणारे अशिक्षित किंवा सनातनी नव्हते. ते इंग्रजी शिकलेले, उद्याचे वकील, डॉक्टर आणि सरकारी अंमलदार होते. विधवांच्या दुःखावर निबंध लिहिणारा वर्ग प्रत्यक्ष विधवा स्वतःच्या पायावर उभी राहताना दिसली की तिला हसत होता. सुधारणेला शब्दांत पाठिंबा देणाऱ्यांचा हा दुटप्पीपणा रमाबाईंना चांगलाच ठाऊक होता. त्यांचा स्वतःचा विवाहच अशा विसंगतीतून झाला होता, आणि ती विसंगती त्यांच्या पतीने आयुष्यभर मनात वागवली होती.

विधवेच्या आयुष्याचा दुसरा अर्थ

सेवासदनात येणाऱ्या स्त्रियांत बालविधवांची संख्या मोठी होती. त्या काळी ब्राह्मण घरांतील विधवेचे केशवपन होई, तिला एकभुक्त राहावे लागे आणि मंगल कार्यात तिचे तोंड पाहणेही अशुभ मानले जाई. घरात मात्र सर्वांत जास्त राबणारी तीच असे. कोणाचे बाळंतपण असो, कोणाचे दुखणे असो, रात्री जागायला तिलाच बसवले जाई. म्हणजे शुश्रूषेचा अनुभव तिला भरपूर होता. त्या अनुभवाला शास्त्राची जोड, कामाला वेतन आणि वेतनाबरोबर येणारा थोडा स्वाभिमान, एवढेच काय ते तिच्याकडे नव्हते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी 1896 मध्ये सुरू केलेल्या अनाथ बालिकाश्रमाने विधवेला शाळेची वाट दाखवली. रमाबाईंनी तिला रुग्णालयाचा दरवाजाही उघडून दिला.

या कामाला 'सेवा' असे नाव देण्यात फार मोठी सोय होती. नोकरी म्हटले की घरातील पुरुषांच्या भुवया उंचावत. सेवा म्हटले की तीच गोष्ट पुण्यकर्म होई. आळंदीच्या आषाढी आणि कार्तिकी यात्रेत सेवासदनाच्या स्वयंसेविका वारकरी स्त्रियांच्या मदतीला जात, तेव्हा लोकांना त्यात भक्तीच दिसे. अशा प्रसंगांतून रुग्णसेवेबद्दलचा संकोच कमी होत गेला. परंतु या शब्दाची दुसरी बाजूही आहे. सेवेचे मोल मागायचे नसते, असा समज आपल्याकडे खोलवर रुजलेला आहे, आणि परिचारिकांना आपल्या पगारासाठी, कामाच्या तासांसाठी आणि रिकाम्या जागा भरल्या जाव्यात म्हणून आजही झगडावे लागते, तेव्हा तो समज त्यांच्या आड येतो. रमाबाईंना याचा दोष देता येणार नाही. त्यांच्यासमोरचा पहिला प्रश्न बाईला घराबाहेर पडू देण्याचा होता आणि त्या दाराला लागणारी किल्ली त्यांनी अचूक ओळखली होती. शिवाय त्यांच्या योजनेत शिकलेल्या बाईने कमवावे, हे सुरुवातीपासून गृहीत होते. सेवासदनाचे सगळे वर्ग स्त्रीला शेवटी स्वावलंबी करण्यासाठीच आखलेले होते.

अखेरचे पर्व

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत रमाबाईंनी मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी आणि स्त्रियांच्या मतदानाच्या हक्कासाठी मोहिमा चालवल्या. 1921 मध्ये मुंबई प्रांताच्या कायदेमंडळाने स्त्रियांना मताधिकार देण्याचा ठराव मंजूर केला, त्यामागे ज्या स्त्री कार्यकर्त्यांचे श्रम होते, त्यांत रमाबाई आघाडीवर होत्या. आयुष्यभर मृदू बोलणाऱ्या या बाईंनी वार्धक्यात सभा घेतल्या आणि निवेदने दिली. त्यांची वृत्ती बदलली नव्हती. स्त्रीला शिकवायचे, कमावते करायचे आणि मग तिला तिचे मत मांडायला सांगायचे, या क्रमातील ती शेवटची पायरी होती.

1924 मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, रमाबाईंचे पुण्यात निधन झाले. त्या वेळी पुणे सेवासदनाच्या निरनिराळ्या शाखांतून एक हजाराहून अधिक स्त्रिया शिक्षण घेत होत्या. 1962 मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. लक्ष्मी रस्त्यावर सेवासदन आजही उभे आहे.

रमाबाईंनंतर परिचर्येच्या व्यवसायाला कायद्याचा आधार मिळाला. मुंबई प्रांतात 1935 मध्ये परिचारिका आणि सुईणींच्या नोंदणीचा कायदा झाला आणि 1947 मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. शिक्षणाचा दर्जा, अभ्यासक्रमाची मुदत आणि परीक्षा यांना देशभर एक चौकट मिळाली. आज कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय किंवा डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय, यांपैकी कुठेही गेले तरी रुग्णाला आधी भेटते ती परिचारिका. तिची जात कोणती, ती विधवा आहे की सधवा, हे विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

तरीही रमाबाईंचे काम पूर्ण झाले, असे म्हणण्याची घाई करता येत नाही. 2020 च्या मार्चमध्ये गच्च्यांवरून आणि खिडक्यांतून आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी टाळ्या आणि थाळ्या वाजवल्या गेल्या. पुढच्याच काही आठवड्यांत देशाच्या अनेक भागांत रुग्णालयातून घरी परतणाऱ्या परिचारिकांना इमारतीत यायला मज्जाव झाल्याच्या, घर सोडायला सांगितल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांनी छापल्या. विटाळाची जागा संसर्गाच्या भीतीने घेतली होती आणि दार लावून घेणारे हात या वेळीही सुशिक्षितांचेच होते. पुण्यातील त्या सभागृहात हुर्यो ऐकून रमाबाईंनी जे विचारले, त्याचे उत्तर प्रत्येक पिढीला नव्याने द्यावे लागते.

रमाबाईंनी परिचर्येचे कोणतेही नवे शास्त्र निर्माण केले नाही. रुग्णालय त्यांनी काढले नाही आणि त्या स्वतः परिचारिकाही नव्हत्या. ज्या कामाची समाजाला नितांत गरज होती आणि जे करणाऱ्याला समाज हलके लेखत होता, त्या कामाच्या मागे त्यांनी आपले नाव आणि आपला वाडा उभा केला. आपल्याला वारशाने आणि विवाहाने मिळालेली प्रतिष्ठा ज्यांना ती कधीच मिळाली नव्हती अशा स्त्रियांना वाटून देणे, हे काम त्यांनी सलग पंधरा वर्षे केले. त्या वर्गांतून बाहेर पडलेल्या बहुसंख्य स्त्रियांची नावे आज कोणालाही ठाऊक नाहीत. परंतु महाराष्ट्रातील रुग्णालयांतून रात्री जागणाऱ्या हजारो परिचारिकांच्या वाटेवरचा पहिला काटा काढणाऱ्यांत त्या अनाम स्त्रिया होत्या, आणि त्यांच्यामागे पांढऱ्या वेशातील रमाबाई ठामपणे उभ्या होत्या.